झिपवालं पवित्र शास्त्र, मोठ्या अक्षरांचं : वर्षभर वापरून

जय ख्रिस्त. सगळ्यात आधी झिपचं सांगून टाकतो, कारण हे पुस्तक, म्हणजे मराठी बायबल, दुकानात काउंटरवर दिसलं की मंडळीतला (आमच्या चर्चमधला) प्रत्येक जण पहिलं तेच विचारतो, झिप टिकते का. नाही टिकत. आठव्या महिन्यात रनर एका बाजूनं सुटला, मग दोनचार दिवस पक्कडीनं दाबून चालवला (हार्डवेअरचं दुकान आहे माझं, पक्कडींची कमी नाही), मग तोही गेला. बाकी पुस्तक दणकट आहे, पण बाकीचं सांगायला जरा वेळ लागणार आहे, ज्यांना फक्त झिपचं हवं होतं त्यांनी इथं थांबलं तरी चालेल.

आधी हे का घेतलं ते. माझ्याकडं लग्नातलं एक पवित्र शास्त्र होतं, १९९९ चं, काळं रेक्झिन, सोनेरी कडा, तेही झिपवालंच. पंचवीस वर्षांत त्याला काही झालं नाही. म्हणजे खरंच काही झालं नाही, उघडलं की अजून नव्या पुस्तकाचा वास यायचा. मागच्या वर्षी डोळ्यांचा नंबर वाढला, ते बारीक टाइप दिसेना, म्हणून मोठ्या अक्षरांचं घ्यायचं ठरवलं आणि जुनं पोराला देऊ म्हणून बाहेर काढलं तर पोरगं ते खिडकीपाशी तिरकं धरून बघत बसलं आणि म्हणालं, पप्पा ह्याचं सोनं चारच ठिकाणी उडालंय. बघितलं तर खरंच की हो. स्तोत्र २३ पासून १२१ पर्यंत एक पट्टा, लूकच्या सुरुवातीला एक (नाताळ), योहानाच्या तिसऱ्या अध्यायाला एक आणि १ करिंथ १३ ला एक (लग्नं). मधलं सगळं दुकानातून आणल्यासारखं चकचकीत. मी तीस वर्षं झाली नियमानं उपासनेला जातो, दोन टर्म चर्चच्या पंच कमिटीवर होतो, गुड फ्रायडेला येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी एकावर दोनदा बोललोय. आणि सोनं चार ठिकाणी उडालेलं. पोरगं काही टोमणा मारत नव्हतं, कॉमर्सला आहे, त्याला असलं मोजायची सवय आहे.

तर नाताळच्या आधी एका मांडवात पुस्तकांचा स्टॉल लागला होता तिथं हे घेतलं, साडेनऊशेला. कुणाचं छापलंय ते लिहीत नाही, झिपबद्दल आधीच वाईट बोललोय, आणि असली झिपवाली सगळीकडं साधारण सारखीच मिळतात.

आता वस्तू म्हणून कशी आहे. अक्षर मोठं, ठळक, चष्म्याशिवाय नाही पण चष्म्यानं आरामात वाचता येतं, रात्री ट्यूबलाइटखाली पण. कागद तोच बायबलचा पातळ कागद, मागच्या पानावरची छपाई थोडी दिसते, उन्हात जास्त दिसते, सवय होते. शिलाई आहे, नुसती गोंदाची चिकटवणी नाही, हे फार महत्त्वाचं, कारण गोंदवालं दोन वर्षांत स्तोत्रसंहितेपाशी दुभंगतं. कडेला अंगठ्याच्या खाचा आहेत, त्यामुळं पाळकसाहेबांनी (आमचे पाद्री) ओबद्यासारखं छोटं, न सापडणारं पुस्तक काढायला सांगितलं तरी चारचौघांत शोभा होत नाही. येशूचे शब्द लाल अक्षरात. दोन फिती हव्या होत्या, एकच आहे, मी दुसरीसाठी दुकानातली सुतळी वापरली. वजन चांगलं एक किलोच्या वर भरलं, काट्यावर ठेवून बघितलं. पडलं तर पायाला लागतं, स्वानुभव. नकाशे शेवटी चार पानं आहेत पण रंग असले फिके की भूमध्य समुद्र आणि वाळवंट एकच वाटतं.

भाषा जुनी आहे. ज्यांना सोपी मराठी पाहिजे त्यांनी सोपी आवृत्ती घ्यावी, त्यात काही कमीपणा नाही. पंडिता रमाबाईंनी ह्याच कारणासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणायला घेतलं होतं, केडगावला (आमच्या नगरचं केडगाव नाही, दौंडजवळचं), आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या तोवर आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी त्यातच घातली. आमची आई हे सांगताना नेहमी एक वाक्य जोडते, की तिनं अख्खं लिहिलं रे, तुम्हाला अख्खं वाचवत नाही. मला जुनीच भाषा आवडते, 'वपा' सारखा शब्द आला की थांबावं लागतं, आईला विचारावं लागतं. चरबी रे, ती म्हणते, पशूच्या पोटातली, चांगली चांगली.

तर ठरवलं, अख्खं वाचायचं. हिशेब सोपा आहे, १,१८९ अध्याय, रोज ३ आणि रविवारी ५, वर्षात बसतं आणि चारदोन दिवस आजारपणाला उरतात. १ जानेवारीला सुरू केलं. आधी एकदा मोबाईलवरच्या ॲपवर केला होता प्रयत्न पण त्यात सलग दिवस मोजतात, मग मी काय करायचो, रात्री अकरा पन्नासला अंथरुणात पडून तीन टिका मारायच्या आणि झोपायचं. ॲपचा काही दोष नाही. त्या हिशेबानं माझे ११० दिवस सलग झाले होते आणि गणना हे पुस्तक कशाबद्दल आहे ते मला माहीत नव्हतं.

लेवीय ह्या पुस्तकात (सगळे यज्ञांचे आणि शुद्धतेचे नियम) गाडी रुतते, हे सगळ्यांचंच होतं, ढकलायची. फेब्रुवारीच्या शेवटी 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायाला आलो. तिथं एक साधी गोष्ट आहे, पिशवीत दोन वजनं ठेवू नको, एक मोठं आणि एक लहान. बस एवढंच. ना चमत्कार ना काही. सकाळी दुकान उघडायच्या आधी वाचत होतो, आणि समोर काउंटरवर माझी दोन बिलबुकं पडलेली. एक पक्क्या बिलाचं, एक कच्च्या. धंद्यातल्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो, पाइप, फिटिंग, रंग ह्यावर १८ टक्के जीएसटी, गिऱ्हाईक येऊन पहिलं विचारतं बिलाशिवाय कितीला देता, न देणारा दुकानदार म्हणजे एकतर नवीन तरी किंवा येडा तरी. मी काही वेगळा नव्हतो. वजनकाटा माझा चोख आहे, खिळे मोजताना चार जास्तच टाकतो, आणि त्याच्यावर मी स्वतःला प्रामाणिक समजत होतो. पण ती दोन वजनं वाचली आणि ती दोन बुकं दिसली. मी पुस्तक मिटलं, झिप लावली (तेव्हा चालू होती) आणि ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. सांगायचं म्हणजे झिपचा हाच उपयोग मला सगळ्यात जास्त झाला.

दोनच दिवसांनी परत काढलं कारण मागं पडलो तर पुढं रविवारी ११ वाचावे लागतात.

मार्चच्या सुरुवातीला यहोशवा १४. हा अध्याय आईच्या शेजारी बसून वाचला, तिला आता दिसत नाही नीट, म्हणून मोठ्यानं. कालेब म्हातारा यहोशवाकडं (मोशेनंतरचा पुढारी) येतो आणि म्हणतो, मी चाळीस वर्षांचा होतो तेव्हा मोशेनं मला देश हेरायला पाठवलं, त्याला पंचेचाळीस वर्षं झाली, आज मी पंच्याऐंशी वर्षांचा आहे, आणि मला तो डोंगराळ मुलूख दे. कुठला? जिथं ते धिप्पाड अनाकी राहतात तो, तटबंदीची शहरं असलेला. म्हणजे बाकी सगळे वाटणीत सपाट, पाण्याखालची जमीन बघत असणार, आणि हा पंच्याऐंशीचा माणूस सगळ्यात अवघड तुकडा मागतोय. त्या एका अध्यायात तीन वेळा लिहिलंय की हा परमेश्वराला पूर्णपणे अनुसरला. बारा हेर गेले होते, दहा घाबरले, हा आणि यहोशवा दोघंच नाही घाबरले. मी वाचून थांबलो तर आई म्हणाली, मी पण पंच्याऐंशीचीच आहे बरं का, तुझ्या बापानं सावेडीला प्लॉट घेताना मला विचारलं असतं तर. आमची आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, तिचा विनोद हा असा असतो, सुईसारखा.

१ शमुवेल १५ आला तो ऐन मार्च एंडला. गडबडीत वाचला, टिक मारली. नंतर परत यावं लागलं तिथं, सांगतो.

कारण मी तोवर ठरवून टाकलं होतं की १ एप्रिलपासून, नवीन आर्थिक वर्षापासून, सगळं पक्क्या बिलानं. बायकोला सांगितलं, तिनं फक्त एवढंच विचारलं, सगळं? म्हटलं सगळं. आणि केलं मी. लोक ओरडले, काही गिऱ्हाईकं समोरच्या दुकानात गेली, समोरचा मला रस्त्यात बघून हसायचा. एप्रिलचा गल्ला बघून पोटात गोळा आला. पण केलं. फक्त तीन कॉन्ट्रॅक्टर होते, जुने, महिन्याला मोठा माल उचलणारे, त्यांचं तेवढं म्हटलं हळूहळू करू, एकदम तोडलं तर बरं दिसत नाही, संबंध आहेत.

एप्रिलच्या शेवटी २ इतिहास २५. ह्या यहूदाच्या अमस्या राजाबद्दल (इस्राएल तेव्हा शेजारचं वेगळं राज्य होतं) मी आयुष्यात एकही उपदेश ऐकलेला नाही, आणि धंदेवाल्या माणसासाठी ह्याच्याइतका उपयोगाचा अध्याय नाही. सुरुवातीलाच लिहिलंय की त्यानं परमेश्वराच्या दृष्टीनं नीट ते केलं, पण पूर्ण मनानं नाही. म्हणजे देवानं प्रगतिपुस्तकात पास केलंय आणि खाली लाल शेरा मारलाय. तर हा लढाईला निघतो आणि इस्राएलकडून एक लाख भाडोत्री सैनिक घेतो, शंभर किक्कार चांदी मोजून, आगाऊ. एक किक्कार साधारण ३४ किलो, म्हणजे तीन टनांहून जास्त चांदी झाली. मग देवाचा माणूस येतो, म्हणतो ह्यांना घरी पाठव. आणि हा राजा काय विचारतो माहितेय? देव काय म्हणतो, का म्हणतो, काही नाही. तो विचारतो, मग त्या शंभर किक्कारांचं काय?

मी हसलो जोरात एकटाच. ॲडव्हान्सचं काय! तीन हजार वर्षांत माणूस काही बदललेला नाही.

मग हसू थांबलं, कारण त्याच आठवड्यात मी एका सप्लायरला बिन-बिलाच्या फिटिंगच्या मालासाठी चाळीस हजार आगाऊ दिले होते, त्या तीन कॉन्ट्रॅक्टरांसाठीच. फोन केला, म्हटलं माल नको, तो म्हणाला पैसे परत नाहीत, मग भांडणं झाली, शेवटी पंचवीस परत आले, पंधरा गेले. संदेष्टा अमस्याला म्हणतो परमेश्वर तुला ह्याहून पुष्कळ जास्त देऊ शकतो. माझं विचाराल तर अजून तरी पंधराचे सोळा झालेले नाहीत. आणि अमस्याचं पण नीट वाचा, त्यानं ऐकलं, सैनिक परत पाठवले, तर ते चिडले आणि जाता जाता यहूदाची गावं लुटली, ३,००० माणसं मारली. आज्ञा पाळली म्हणून काही फुलं पडली नाहीत वरून. हे आपल्याकडं टीव्हीवर जे सांगतात ना, बी पेरा शंभरपट मिळेल, त्यांनी हा अध्याय एकदा वाचून दाखवावा स्टेजवरून.

आणि सगळ्यात भारी तर पुढं आहे. तो लढाई जिंकतो. जिंकून येताना ज्यांना हरवलं त्यांचेच देव उचलून घरी आणतो आणि त्यांच्यापुढं पाया पडतो. आता ह्याला काय म्हणावं. जे अवघड होतं, तीन टन चांदीवर पाणी सोडायचं, ते केलं, आणि मग जिथं कुणी काही विचारणारच नव्हतं तिथं पडला.

माझे देव कुठले तर साक्ष, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. मे महिन्यात युवक संघाची साक्षीसभा होती, मला बोलायला सांगितलं, आणि मी ते चाळीस हजारांचं सांगितलं, दोन वजनांचं सांगितलं, अगदी रंगवून, बायाबापड्यांच्या डोळ्यात पाणी आलं, लोक हल्लेलुया म्हणाले, पाळकसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला. गाडीवर घरी येताना बायको मागं बसलेली, सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, आणि ते तिघं?

तीन कॉन्ट्रॅक्टर. त्यांना मी फिटिंगचा तो माल नाही दिला, पण रंग आणि पाइप कच्च्यानंच चालू होता.

त्या रात्री परत १ शमुवेल १५ काढला, ह्या वेळी टिक मारायला नाही. 'यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे' हे आपल्याकडं प्रत्येक ख्रिस्ती घरात कॅलेंडरवर असतं, आमच्या स्वयंपाकघरात पण होतं, त्याच्याखाली गॅसच्या सिलेंडरची तारीख लिहायचो. पण ते कुणाला आणि कधी म्हटलंय ते मी कधी बघितलंच नव्हतं. शौल राजाला सांगितलेलं असतं अमालेकी लोकांचं सगळं नष्ट कर, काही ठेवू नको. (हे 'सगळं नष्ट कर' वाचताना पोटात ढवळतं, बायकापोरं सुद्धा, मी खोटं नाही सांगणार, मला ते अजून पचलेलं नाही आणि पाळकसाहेबांनी जे उत्तर दिलं त्यानंही पचलं नाही.) तर हा दोन लाख दहा हजार माणसं घेऊन जातो, जवळजवळ सगळं करतो. फक्त त्यांचा अगाग राजा जिवंत ठेवतो आणि चांगली चांगली मेंढरं, गुरं ठेवतो. जे टाकाऊ, मरतुकडं होतं ते मात्र अगदी आज्ञेप्रमाणं नष्ट केलं. मग शमुवेल संदेष्टा येतो तर शौल आपण होऊन पुढं येऊन सांगतो, मी परमेश्वराची आज्ञा पाळली. आणि म्हातारा शमुवेल म्हणतो, मग हे मेंढरांचं ओरडणं कसलं माझ्या कानावर येतंय?

काय सीन आहे हो. माणूस साक्ष देतोय आणि मागून मेंढरं बें बें करतायत.

आणि त्याच्या थोडंच आधी एक ओळ आहे, आधीच्या वाचनात माझी अख्खी निसटली होती, की शौल कर्मेलास गेला आणि तिथं त्यानं स्वतःसाठी स्मारक उभारलं. मेंढरं राखून ठेवली आणि स्मारक उभारलं, एकाच फेरीत. वाचून मी ती साक्षीसभा आठवली, तो खांद्यावरचा हात आठवला, आणि खरं सांगतो, घाम फुटला. पुढं शमुवेल निघून जायला लागतो तेव्हा सुद्धा शौल काय मागतो, तर निदान लोकांच्या वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख. तोपर्यंत मेंढरं 'लोकांनी' ठेवलेली असतात, आणि परमेश्वर 'तुझा देव' झालेला असतो, माझा नाही. बारीक वाचलं की दिसतं हे. मोठ्या अक्षराचा फायदा.

मला आधी वाटायचं अर्धवट विश्वास म्हणजे ते लोक जे फक्त नाताळ आणि ईस्टरला येतात, मागच्या बाकावर बसतात, प्रभुभोजनाच्या आधी सटकतात. पण ह्या पुस्तकात त्यांच्यावर फार कमी वेळ घालवलाय. सगळा वेळ माझ्यासारख्यांवर घातलाय, नव्वद टक्के करणाऱ्यांवर. योवाश राजा बघा, २ राजे १३, अलीशा संदेष्टा मरणाला टेकलाय, त्याला म्हणतो बाण घे आणि जमिनीवर मार, हा तीनदा मारतो आणि थांबतो. म्हातारा चिडतो, अरे पाच-सहा वेळा मारायला पाहिजे होते. आता बिचाऱ्याला कुणी किती वेळा ते सांगितलंच नव्हतं! मला अन्यायच वाटला वाचून, पोराला सांगितलं तर तो म्हणाला, पप्पा तुम्ही खिळा ठोकताना मोजता का, बसेपर्यंत ठोकता ना. हार्डवेअरवाल्याचं पोरगं आहे शेवटी.

ऑगस्टमध्ये झिप गेली. चेन दुरुस्त करणारा म्हणाला साठ रुपये, नवीन रनर टाकतो. म्हटलं उद्या आणतो. नाही नेलं. झिप नसल्यामुळं एक झालं, ते मिटून ठेवताच येत नाही नीट, काउंटरवर पडून राहतं, कव्हर आपोआप थोडं उघडं. सिमेंटची धूळ बसलीय, एका पानावर रंगाचा शेंदरी ठिपका आहे (यिर्मया), होशेयच्या पानावर चहाच्या कपाचा गोल. रेक्झिन ओल्या फडक्यानं पुसता येतं, हा प्लस पॉइंट. गिऱ्हाईक बिल बनेपर्यंत चाळतं. एका मुस्लिम गवंड्यानं अख्खं योनाचं पुस्तक उभ्या उभ्या वाचलं, चारच अध्याय आहेत, म्हणाला हे तर आमचे युनुस.

ऑक्टोबरमध्ये मलाखी. इथं मी हा रिव्ह्यू मंडळीतल्या सगळ्यांसाठी लिहितोय असं समजा. पहिल्या अध्यायात देव विचारतो, तुम्ही आंधळा, लंगडा पशू माझ्या वेदीवर आणता, तोच तुमच्या अधिकाऱ्याला नेऊन देऊन बघा, घेतो का तो? आता मी दोन टर्म दानाची थैली मोजलीय. तुम्हाला सांगतो त्यात काय असतं. फाटलेली दहाची नोट, टेप लावलेली, जी भाजीवाली घेत नाही, रिक्षावाला घेत नाही, ती. एकदा बंद झालेली पाचशेची निघाली होती, नोटबंदीनंतर दोन वर्षांनी. मी पण टाकल्यात, नाही असं नाही, दुकानात आलेली फाटकी नोट मी रविवारसाठी बाजूला काढून ठेवायचो, शर्टच्या वरच्या खिशात, वेगळी. वर देव म्हणतो ह्यापेक्षा कुणीतरी मंदिराची दारंच लावून टाकली असती तर बरं. हे वाचून आमच्या पंच कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. कुणी काही बोललं नाही. एकानं हात जोडलेले टाकले.

नव्या करारात गाडी पळते, लाल अक्षरांमुळं पण बरं वाटतं, मात्र एक तोटा आहे, माणूस नकळत लाल लाल वाचतो आणि काळं सोडतो. माझ्या बायकोचं म्हणणं लाल शाई छापखान्यानं महाग करावी. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा, जमीन विकून पैसे आणतात, थोडे राखून ठेवतात आणि सगळे आणले म्हणून सांगतात. येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, राखून ठेवायला कुणी ना म्हटलं होतं का, जमीन तुझीच होती, पैसे तुझेच होते. हे मला माहीत नव्हतं. मला लहानपणापासून वाटत होतं की ते पैसे ठेवले म्हणून मेले. पैसे ठेवले म्हणून नाही, 'सगळं' म्हणाले म्हणून. बायकोनं विचारलेलं ते 'सगळं?' आठवलं.

शेवटी बरोबर नाताळच्या आठवड्यात प्रकटीकरण ३, लावदिकीयाच्या मंडळीला येशूचं पत्र, तू थंड नाहीस, गरम नाहीस, कोमट आहेस म्हणून. इथं ते फिके नकाशे खरंच नडतात, कारण हे नकाशावर बघायला पाहिजे. आजच्या तुर्कस्तानात देनिझली शहराजवळ हे लावदिकीया. एका बाजूला थोड्या अंतरावर हिएरापोली, गरम पाण्याचे झरे, आता पामुक्कले म्हणतात, लोक अजून अंघोळीला जातात, आपल्या वज्रेश्वरीसारखं. दुसऱ्या बाजूला कलस्सै, तिथलं पाणी डोंगरातलं, थंडगार. आणि लावदिकीयाला पाणी लांबून पाइपातून यायचं. पोरानं मला उत्खननाचे फोटो दाखवले, ते पाइप बघून मी खुर्चीतून उठलोच. आत क्षाराचा थर, जाड, अर्धा पाइप बुजलेला! हे मी रोज बघतो, नगरचं बोअरचं पाणी, गीझरची कॉइल दोन वर्षांत अशीच होते, लोक येऊन मला शिव्या देतात. बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं हे की गरम पाणी औषधाला, थंड पाणी प्यायला, आणि हे कोमट कशालाच नाही, तोंडातून थुंकायचं. म्हणजे थंड हे सुद्धा चांगलंच आहे. मी उगाच इतकी वर्षं समजत होतो की थंड म्हणजे नास्तिक.

आणि हे शहर श्रीमंत. साधारण सन ६० मध्ये भूकंपानं पडलं तर रोमची मदत न घेता आपल्या पैशानं परत उभारलं. त्यांनाच पत्रात लिहिलंय, तू म्हणतोस मी धनवान आहे, मला काही उणं नाही. दारावर उभा राहून ठोठावतोय ते येशूचं चित्र आपल्या सगळ्यांच्या हॉलमध्ये असतं ना, ते ह्याच पत्रातलं. मंडळीच्या दाराबाहेर उभा आहे तो. आमच्या हॉलमधल्या चित्राखाली इन्व्हर्टर आहे.

तर रेटिंग. छपाई ५ पैकी ५, शिलाई ५, कागद ४, नकाशे १, झिप शून्य. फीत एक असल्याबद्दल अर्धा कापतो. एकूण ४ धरा. कुणी घ्यावं? ज्यांना चाळिशीचा चष्मा लागलाय त्यांनी डोळे मिटून घ्यावं. दृढीकरणाला (पोरं चर्चमध्ये आपला विश्वास जाहीर करतात तो विधी) भेट म्हणून द्यायचं असेल तर ह्याच किमतीत बिनझिपचं, कापडी बांधणीचं मिळतं का ते आधी बघा, पोरं झिप लावून कपाटात ठेवतात, आम्हीच ठेवलं. भाषा अवघड वाटली तर सोपी आवृत्ती. आई, आजी असेल अशा घरात जुनीच घ्या, शब्द विचारायला माणूस आहे तोवर.

ह्या नव्या पुस्तकाच्या कडांचं सोनं कुठं कुठं उडालं ते परवा पोरानं परत खिडकीपाशी धरून बघितलं. जवळजवळ सगळीकडं सारखं, म्हणाला, लेवीयमध्ये जरा कमी.

आणि त्या तीन कॉन्ट्रॅक्टरांचं विचाराल तर एक जूनमध्ये पक्क्यावर आला, कुरकुरत, पण आला. दुसरा समोरच्या दुकानात गेला. तिसरा अजून कच्च्यानंच नेतो. तो माझा साडू आहे.